आईवर गेलेला भाऊ

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, सासरी आणि शहापुरात ज्या मेडिकलच्या दुकानात मी अठरा वर्षं काउंटरला उभी आहे तिथे, सगळीकडे माझी हीच ख्याती आहे. त्यामुळे मला बीपी निघालं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवरा तर हसत म्हणाला, "निघणारच होतं. दिवसभर तणतणत असतेस." जणू काही तोंड जास्त चालवलं की रक्तदाब वाढतो. मग आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका कधीच दवाखान्यात दिसायला हव्या होत्या.

आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर बसतात. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "घरात अजून कुणाला?" मी बाबांचं सांगितलं. टोकावड्याला आमच्या शेताच्या बांधावर बाबा सकाळी नऊ वाजता पडले ते पुन्हा धड उठले नाहीत. एक्कावन्न वर्षांचे होते. गावात म्हणाले, अंगावरून वारं गेलं. आम्हीही तेच म्हणत राहिलो. मेडिकलमध्ये नोकरी लागली आणि बीपीच्या गोळ्या माझ्या हातून जायला लागल्या, तेव्हा कुठे मला कळलं की बाबांना झालं होतं काय. पण कळून तरी मी काय केलं? जगाला पुड्या बांधून दिल्या आणि स्वतःचा दंड कधी मशीनला लावला नाही.

डॉक्टर म्हणाले, हे असं घराण्यातून येतं. एकाच कुठल्या गोष्टीने नाही, बारीक बारीक पुष्कळ गोष्टी असतात, काही बापाकडून येतात, काही आईकडून. आलं म्हणजे होणारच असं नाही, पण मीठ, तंबाखू, वजन, अपुरी झोप यांचं त्याच्याशी चांगलंच जमतं. "दुखत नाही, हीच त्याची खोड आहे," ते म्हणाले. "दुखलं असतं तर लोक धावत आले असते. भाऊ आहे ना तुम्हाला? त्याला मोजायला सांगा. उद्याच."

भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तेव्हा सेहेचाळीसचा. टोकावड्याला भात करतो, भात निघालं की त्याच जमिनीत भेंडी लावतो आणि स्वतःच्या पिकअपमधून कल्याणच्या बाजारात नेतो. तंबाखू खातो, सुकट आणि लोणच्याशिवाय त्याचा घास खाली उतरत नाही. बाबांना गाठायला त्याला पाच वर्षं उरली होती. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे एकच गणित बसलं आणि ते काही केल्या उठेना.

मी फोन केला तर म्हणतो कसा, "मला कशाला असंल गो ताय? मी काय तुज्यासारका चिडतो?"

हे खरं आहे. माझा भाऊ शांत आहे. भर रस्त्यात कुणी पिकअपला घासून गेलं तरी खाली उतरून नुसता ओरखडा बघतो आणि परत गाडीत बसतो. पण त्याच्या शांतपणाचंच मला टेन्शन होतं, कारण शांत माणसाला बीपी नसतं हे आमच्याकडे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. दुसरं ठरवलेलं त्याहून भारी. आमच्या घरात मी बाबांवर गेलेय. तेच रुंद नाक, तेच जाड भुवयांचं कपाळ, तोच राग. भाऊ आईवर गेलाय, गोल चेहरा, बारीक डोळे, गालाला खळी. म्हणून बाबांचं दुखणं माझ्या वाटणीला आलं आणि आईचा चेहरा घेतलेला भाऊ सुटला! नाकावरून रोगाची वाटणी. हे मला माझ्या भावाने फोनवर गंभीरपणे समजावलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी दुकान बंद. मी बीपीचं मशीन पिशवीत घातलं, शहापूरहून मुरबाडची एसटी धरली, मुरबाडला उतरून टोकावड्याची. आई पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. भावजय चुलीकडे, भाची कॉलेजच्या परीक्षेचं काहीतरी वाचत बसलेली. भाऊ नुकताच बाजारातून आला होता. मी म्हटलं, "शर्टाची बाही वर कर."

"आदी च्या तरी घे."

"बाही वर कर म्हणते ना!"

केली. पट्टा फुगला, सुटला, आकडा आला. एकशेअठ्ठ्याहत्तर, खाली एकशेदहा. मी परत लावला. परत तेच, दोन इकडे दोन तिकडे. मी पाच मिनिटं थांबले, त्याला गप्प बसवलं, तिसऱ्यांदा लावला. एकशेचौऱ्याहत्तर.

"तुजं मशीन बिघडलंय," तो म्हणाला. आणि मग मला चूप करायला म्हणून, हसत हसत, "आईचं मोज. मी आईवर गेलोय ना? तिचं बग."

आईचा दंड म्हणजे काडी. सत्तरी उलटलेली बाई, उभ्या आयुष्यात सुई टोचून घेतली ती पण कुत्रं चावलं म्हणून. मी पट्टा गुंडाळला. तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली. एकशेशहाण्णव. मी मोठ्याने वाचला तो आकडा. आईच म्हणाली, "मंग? मना काय व्हतंय?" आणि सूप परत मांडीवर घेतलं.

बापाकडून तर होतंच, आता आईकडूनही. आणि तिच्याकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं, कारण आमच्याकडे घराणं म्हटलं की आजा, बाप, चुलते. आईचं माहेर कोण मोजतं? तिच्या दोन भावांचं काय झालं हे मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. एक झोपेतच गेला, एकाचा पाय ओढला जायचा. हे तिने इतक्या सहज सांगितलं, जसं काही कुणी मुंबईला राहायला गेलं.

भावाचा चेहरा मात्र उतरला. मी संधी सोडली नाही. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत सांगावं म्हणून म्हटलं, "बियाणं तेच असलं तरी पाणी किती द्यायचं, खत किती द्यायचं ते आपल्या हातात असतं की नाही?"

"मंग बियाणंच तसं असंल तर खत घालून काय उपेग?"

घ्या! मी कपाळाला हात लावला. आधी म्हणे मला असूच शकत नाही. आणि आहे म्हटल्यावर लगेच, रक्तातच आहे तर गोळी काय करणार. मधलं काही नाहीच. मी तिथे अर्धा तास बडबडले. भाची मध्येच म्हणाली, "बाबा, घ्या ना गोळी, आत्या एवढी सांगते." तिच्यासाठी त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुकानावर येऊन डॉक्टरांना दाखवून गेला, आईलाही आणलं. रोज एक गोळी, सकाळी. आठ महिने त्याने घेतली. मीच गोळ्यांच्या पट्ट्या पाठवत होते, टोकावड्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हातून. तंबाखूही निम्म्यावर आणली. आकडा एकशेतीसच्या आसपास आला. त्या आठ महिन्यांत मी माझ्या भावाशी एकदाही भांडले नाही, विक्रमच म्हणायचा.

मग भाचीचं जमवायला घेतलं.

मुलगा उंबरमाळीकडचा, कल्याणला कंपनीत कामाला, पोरीला फोटोतच आवडलेला. घर चांगलं, माणसं साधी. मला आनंदच झाला. पाहुणे बघायला यायचे त्या दिवशी भावाने मला सकाळी लवकर बोलावलं आणि घराच्या मागे नेऊन म्हणाला, "ताय, गोळ्यांचं कुनाजवल बोलू नको हां."

"का?"

"का म्हंजे? घरान्यात वारं हाय म्हनतील. आजा, आजी, आता बाप. उद्या पोरीला पन व्हईल म्हनून सांगतील. पोरगी बसंल घरात."

मी काहीतरी बोलणार होते. पण तो हात जोडून उभा होता. माझा भाऊ, जो कधी कुणापुढे हात जोडत नाही. मी मान हलवली.

पडवीत बैठक झाली. पोह्यांच्या बश्या फिरल्या. मुलाच्या वडलांनी, रीतीप्रमाणे, शेत किती, भाऊबंद किती असं विचारत विचारत शेवटी विचारलं, "तुमचे वडील कशानी गेले?"

"पाय घसरला," भाऊ म्हणाला. "बांधावरून पडले."

खोटं तसं नव्हतंच. बांधावरून पडलेच होते. मी समोर पोह्याची बशी घेऊन बसले होते, ती खाली ठेवून मी पाणी प्याले. रोज शंभर जणांना, गोळी चुकवू नका हो, असं बजावणारी बाई मी. मुलाच्या वडलांनी "अरेरे" केलं आणि विषय संपला. चार आठवड्यांनी सुपारी फुटली.

सुपारी फुटल्यावर लग्नापर्यंत अडीच महिने होते. भाऊ फोनवर सारखा घाईत. कपडे, मांडव, आचारी, पत्रिका. मी दर वेळी विचारायचे, "गोळी चालू आहे ना?" तो दर वेळी "हाय गो" म्हणायचा. पट्ट्या मी पाठवत होते, त्याला मिळतही होत्या. मी निवांत होते. खरंच सांगते, निवांत होते, आणि हे आठवलं की आजही माझं डोकं सणकतं.

हळदीच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. मुलाकडचे चौघे काही ठरवायला आले होते, अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. भावजय म्हणाली, "ताय, पिंपातलं तांदूळ काडा ना जरा." आतल्या खोलीत तांदळाचं पत्र्याचं पिंप. मी आत हात घालून माप शोधत होते. हाताला माप लागलं नाही, चकचकीत काहीतरी लागलं. गोळ्यांची पट्टी. खाली अजून एक. मी कोपरापर्यंत हात घातला. आठ पट्ट्या निघाल्या, एकाही पट्टीतली एकही गोळी फोडलेली नव्हती. मीच पाठवलेल्या, माझ्या अक्षरात त्यांच्यावर बॉलपेनने 'सकाळी' लिहिलेलं.

म्हणजे सुपारीपासून एकही गोळी त्याने घेतली नव्हती.

मी त्याला आत बोलावलं. तो आला, माझ्या हातात पट्ट्या बघितल्या आणि दार लोटलं. म्हणाला, घरात सारखी त्यांची माणसं येतात. पट्टी कुठे ठेवायची? खिशात ठेवली तर धुण्यात निघते, फळीवर ठेवली तर दिसते. एकदा मुलाच्या मामाने फळीवरची पट्टी उचलून, "ही कसली हो?" असं विचारलं होतं, तेव्हा त्याने अॅसिडिटीची सांगितली. त्या दिवसापासून बंद. "आता दोन दिवस राहिलेत गो. लगीन व्हऊ दे. मंग तू म्हनशील तशी घेतो. दोन घेईन रोजच्या."

"दोन घेऊन मागची भरून निघत नाही रे गाढवा!" माझा आवाज चढला.

त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. लहानपणी लपाछपी खेळताना ठेवायचा तसा. बाहेर अंगणात मुलाचे वडील कुणाशी तरी हसत बोलत होते, आम्हाला नीट ऐकू येत होतं. म्हणजे त्यांनाही आमचं ऐकू गेलं असतं.

आणि मी काय केलं? त्या आठ पट्ट्या माझ्या पिशवीत साडीखाली कोंबल्या. एक गोळी काढून त्याला माझ्यासमोर गिळायला लावली आणि तांदूळ मोजायला बसले. मशीन त्याच पिशवीत होतं. मोजायला हवं होतं. मोजलं नाही, कारण आकडा बघितला असता तर मला गप्प बसता आलं नसतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

लग्न झकास झालं. सगळे तेच म्हणाले. भाऊ तीन दिवस झोपला नव्हता. पोरीला वाटे लावताना रडला, मग पाहुण्यांच्या पंक्तीला उभा राहिला. हळदीच्या आणि लग्नाच्या सकाळी मी त्याच्या हातावर गोळी ठेवली. मला वाटत होतं, मी सांभाळतेय.

मी शहापूरला परतले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन. "ताय, यांचा हात झोपलाय. कप धरवत नाय. मी तेल चोळते."

"कधीपासून?"

"मघाशी धरून. मांडवाचं सामान उचललं ना, त्यानं आसंल."

"बोलतोय का? त्याला बोलायला लाव!"

तिने फोन त्याच्या कानाला लावला. मी त्याचं नाव घेतलं. पलीकडून जे आलं ते बोलणं नव्हतं. मी दुकानात एवढ्या जोराने ओरडले की समोरचं गिऱ्हाईक मागे सरकलं. तेल टाक, गाडी काढ, मुरबाड गाठ! शेजारच्या माणसाने त्याचीच पिकअप चालवली. मुरबाडहून पुढे मोठ्या दवाखान्यात. तास दीड तास तेल चोळण्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले, वाचले, नशीब. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, हे परत किती येईल ते बघू. तो सत्तेचाळीसचा होता. बाबांना गाठायला चार वर्षं बाकी होती, तेवढीही त्याने ठेवली नाहीत.

पाचव्या दिवशी व्याही आले. सोबत जावई, आणि भाची, हातात अजून हिरवा चुडा. व्याह्यांनी शहाळी आणली होती. जनरल वॉर्ड, बाजूबाजूला खाटा, प्रत्येक खाटेभोवती माणसं. भाऊ जागा होता. सगळं कळत होतं त्याला, नुसतं बोलता येत नव्हतं. ओठ एका बाजूला घसरलेला. आईकडून आलेली ती खळी त्या बाजूला पडत नव्हती.

व्याह्यांनी खाटेवरची औषधाची चिठ्ठी उचलली, लांब धरून वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. "ही गोली आमच्याकडं हाय," ते म्हणाले.

"कुणाला?" मी विचारलं.

त्यांनी मुलाकडे बघितलं. जावई खिडकीबाहेर बघायला लागला.

"याला," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली. कंपनीत मोजलं तवा निघालं. माज्या भावाला हार्टनी नेला, त्याला पन हेच व्हतं. आमी तुमाला तो तापानं गेला म्हनून सांगितलं." मग ते माझ्या भावाच्या खाटेवर टेकले. "काय करनार ताय? तुमी पोरगी दिली नसती. लग्नाच्या आठवड्यात याची पन बंदच ठेवली व्हती. घरात पावनी, कुनी बगितली असती."

भाऊ त्यांच्याकडे बघत होता. डाव्या हाताने त्याने चादर मुठीत धरली. गळ्यातून आवाज काढला, दोनदा, तिसऱ्यांदा. काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं, शिवीच होती ती. बाकी कुणाला कळलं नसावं. मी त्याचं तोंड पुसलं. मला व्याह्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती, भावाच्याही, आणि त्याच्याआधी स्वतःच्या. ज्यांच्यापासून लपवायला माझा भाऊ आडवा झाला, ते आमच्यापासून तेच लपवत पडवीत पोहे खात होते.

भाची एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. पोरगी माझ्यावर गेलीय, आवाज लपत नाही तिचा.

"म्हणजे इकडून पण आणि तिकडून पण?" ती म्हणाली. "आत्या, माझं मोज. आत्ताच मोज. आणि उद्या मला पोर झालं तर त्याला..."

शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. भावजय नवऱ्याच्या पायथ्याशी बसली होती. पाच दिवस झोपलेली नव्हती, एका हाताने त्याचा तो न हलणारा पाय चेपत होती. तिने घाईघाईने पदर डोक्यावर ओढला आणि लेकीचा हात खाली खेचला.

"हळू बोल गो," ती म्हणाली. "लोकं ऐकतात."